बोट टेकवून झालं, आता पट्टी ओढून पाहा

छत्रपती संभाजीनगरात शहागंजच्या घड्याळ टॉवरपासून आत वळणाऱ्या गल्ल्यांत फर्निचरचं काम करणारा कुठलाही मिस्त्री सनमाइका बसवण्याआधी एक गोष्ट हमखास करतो. प्लायवर पसरलेल्या सोल्युशनला तो बोटाच्या पेराची मागची बाजू हलकेच टेकवतो आणि उचलतो. तार सुटली तर थांबायचं, बोट कोरडं निघालं की शीट टाकायची. बोटाचं टोक वापरत नाहीत, कारण तिथे घाम आणि तेल असतं. पेराची मागची कातडी त्यातल्या त्यात कोरडी. ही पद्धत अडाणी मुळीच नाही. गोंद बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांतही तीच सांगितलेली असते.

पण पेराला एकच प्रश्न विचारता येतो: वरचं थिनर उडालं का? गोंद समोरच्या पृष्ठभागाला किती जोरात धरेल, ती धरण्याची ताकद आणखी किती मिनिटं टिकेल, वैशाखाच्या उन्हात कोपरा उचलेल की नाही, यातलं काहीही बोटाला कळत नाही. लावताना ठीक वाटलेलं काउंटर दोन महिन्यांनी फुगतं, तेव्हा दोष डब्यावर जातो किंवा पोऱ्यावर. खरा दोष बऱ्याचदा वेळेचा असतो.

विमानाच्या केबिनमध्ये बसल्यावर डोक्यावरचे सामानाचे कप्पे, खिडकीभोवतीची भिंत, स्वच्छतागृहाचं दार हे सगळं गुळगुळीत किंवा नक्षीदार दिसतं. तेही लॅमिनेटच, फक्त आपल्या एक मिलिमीटरच्या सनमाइकापेक्षा कितीतरी पातळ. तिथे बोट टेकवून काम भागत नाही. गोंदाची पहिली पकड, कारखान्यांत जिला ‘टॅक’ म्हणतात, ती मोजून घ्यावी लागते. त्या मोजण्याच्या पद्धतींतल्या बऱ्याचशा आपल्या वर्कशॉपमध्ये घरगुती सामानावर करता येतात. हॉटेलचं काउंटर करणाऱ्यालाही त्या उपयोगी आहेत. एसटीच्या चिकलठाण्यातल्या मध्यवर्ती कार्यशाळेसारखं बसबांधणीचं काम, लातूरचा रेल्वे कोच कारखाना, नागपूरच्या मिहानमधली विमान-देखभाल, अशा ठिकाणांच्या कामाकडे डोळा असलेल्यांना तर त्या यायलाच हव्यात.

गोंद तीन, पकडीचे अर्थ तीन

चाचणीला हात घालण्याआधी आपल्या डब्यात काय आहे ते पाहा. इथेच बहुतेकांचा घोळ होतो.

पहिला प्रकार दोन्ही बाजूंना लावायचा, म्हणजे निओप्रीन रबराचं पिवळसर सोल्युशन. मिस्त्री लोक ज्याला सरसकट ‘एसआर’ म्हणतात तो. हा सुकला की बोटाला चिकटत नाही, पण स्वतःसारख्याच दुसऱ्या थराला लागला की सोडत नाही. सायकलच्या पंक्चरवाल्याचं तंत्र हेच: ट्यूबला सोल्युशन, फुंकर, मग ठिगळ. म्हणून या गोंदाची पकड बोटाने, काचेने किंवा स्टीलच्या पट्टीने तपासण्यात अर्थ नाही. गोंदाला गोंदच लावून पाहायला हवा. उघडा राहिला तर निओप्रीनचा थर हळूहळू कडक होत जातो, त्यातल्या साखळ्या जागच्या जागी बसतात आणि मग दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत. बोटाला मात्र तो दहाव्या मिनिटाला जितका कोरडा वाटतो, तितकाच दोन तासांनीही वाटतो.

दुसरा प्रकार कायम चिकट राहणारा. मागचा कागद सोलून लावायच्या फिल्म, बसच्या पॅनेलवरचे विनाइल, दुकानांच्या काचांवरचे पट्टे या सगळ्यांवर हाच असतो. त्याला दाब पुरतो. हा गोंद किती मऊ असावा, याचा एक ठोकताळा थ्रीएम कंपनीतले शास्त्रज्ञ कार्ल डालक्विस्ट यांनी मांडला. गोंदाचा ताठरपणा सुमारे तीन लाख पास्कलच्या खाली असेल, तरच तो सेकंदाभरात पृष्ठभागाच्या खाचाखोचांत उतरतो. त्याहून ताठ गोंद वर तरंगत राहतो. डिसेंबरच्या सकाळी फिल्म ‘धरत नाही’ ती यामुळेच. फिल्म खराब झालेली नसते, गोंद गारठून ताठ झालेला असतो. दुपारी तीच फिल्म मुकाट्याने चिकटते.

तिसरा उष्णतेने जागा होणारा. नेहमीच्या तापमानाला हात लावला तर नुसता कोरडा थर, आणि ठरावीक तापमानाला नेला की चिकट. विमानाच्या बऱ्याच लॅमिनेटच्या पाठीवर असा थर कारखान्यातूनच लावून येतो. काही ठिकाणी पॅनेलवर पॉलियुरेथेनचा गोंद फवारून, सुकवून, मग वरून तापवलेलं लॅमिनेट बसवतात. दोन्हींची पकड गरम असतानाच तपासायची. थंड असताना घेतलेल्या आकड्याचा काही उपयोग नाही.

फर्निचरला लागणारा पांढरा गोंद या तिन्हींत बसत नाही. तो पकडीवर चालत नाही, शिकंज्यावर आणि वजनावर चालतो, त्यामुळे त्याला इथे बाजूला ठेवू.

जास्त चिकटही नको

पकड जितकी जास्त तितकी चांगली, असा एक समज आहे. विमानाचं पॅनेल पाहिलं की तो दूर होतो.

हे पॅनेल हलकं असावं म्हणून त्याच्या पोटात नोमेक्स नावाच्या आगीला न जुमानणाऱ्या कागदाची षट्कोनी जाळी असते आणि दोन्ही अंगांना फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवलेलं काचेचं कापड. त्यावर लॅमिनेट बसवताना ते तापवून मऊ करतात आणि खालून हवा ओढून पॅनेलवर आवळतात. कप्प्याच्या दाराला उंचवटे असतात, आत वळलेले कोपरे असतात. गोंद फार चिकट असेल तर लॅमिनेट आधी उंचवट्याला धरून बसतं, कोपऱ्यात उतरायच्या आतच अडकतं आणि खाली हवा कोंडली जाते. कमी चिकट असेल तर ते कोपऱ्यात नीट उतरतं खरं, पण थंड होताना फिल्म आपल्या मूळ सपाट आकाराकडे ओढ घेते आणि काही दिवसांनी कोपरा पोकळ होतो. दोन्ही दोष वरून सारखेच दिसतात. उपाय मात्र उलटे. न मोजता गोंद ‘थोडा वाढवून’ पाहणारा निम्म्या वेळा दोष वाढवून ठेवतो.

कोंडलेल्या हवेचं पुढे काय होतं तेही पाहा. उड्डाणात केबिनमधला दाब साधारण ८,००० फूट उंचीवर असतो तितका खाली जाऊ शकतो. समुद्रसपाटीवरच्या दाबाच्या तो तीन-चतुर्थांश. म्हणजे जमिनीवर न दिसलेला बुडबुडा वर गेल्यावर सुमारे एक-तृतीयांशाने फुगू पाहतो. खाली आल्यावर बसतो, पुन्हा फुगतो. दर फेरीला गोंदाची कड थोडी सुटत जाते. आपल्या दुकानातल्या काउंटरला हा त्रास नाही, पण स्वयंपाकघराच्या ओट्याखालच्या दारांना गॅसच्या उष्णतेने छोट्या प्रमाणावर असंच काहीसं होत असतं.

आधी पाणी, मग हवा

चाचणीसाठी कापलेला तुकडा प्रत्यक्ष कामातलाच हवा. प्लायचं काम असेल तर तोच प्लाय, ॲल्युमिनियमचा पत्रा असेल तर तोच पत्रा, त्याच काचपेपरने घासलेला. चाचणीला स्वच्छ काच आणि कामाला धुळकट बोर्ड, असं करून आलेला आकडा स्वतःचीच फसवणूक करतो.

धातू किंवा फायबरचं पॅनेल असेल तर आधी पाण्याची परीक्षा घ्या. पॅनेल तिरकं धरून त्यावर स्वच्छ पाणी ओता. पाण्याचा अखंड पडदा राहिला तर पृष्ठभाग साफ. कुठे पाणी फाटलं, थेंब गोळा झाले, तर तिथे तेल, मेण किंवा सिलिकॉन आहे. सिलिकॉनचा स्प्रे तर वर्कशॉपमधून हद्दपार करावा. बिजागरीला मारलेला फवारा हवेतून दहा फुटांवरच्या पॅनेलवर बसतो आणि नंतर कितीही पुसला तरी पूर्ण जात नाही. पुसायला दोन फडकी घ्या. एक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं, दुसरं कोरडं. ओल्याने पुसलं की ते उडायच्या आत कोरड्याने टिपून घ्यायचं. उडू दिलं तर विरघळलेली घाण तिथेच पुन्हा बसते. एकच फडकं घासत बसणं म्हणजे तेल सगळीकडे सारखं पसरवणं. लाकडाला ही पाण्याची परीक्षा लागू नाही. तिथे कोरडेपणा आणि धूळ पाहायची.

मग हवा. भिंतीवर तापमान आणि दमटपणा दाखवणारं साधं यंत्र टांगा. छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, जानेवारीत पहाटे दहा-बारावर येतो, आणि श्रावणात हवेत पाणी असतं. गोंद एकच, पण त्याचे हे तीन अवतार. पावसाळ्यातला सगळ्यात दगाबाज. थिनर उडताना थर थंड पडतो, थंड थरावर हवेतली वाफ जमते आणि गोंदावर बारीक पांढुरकी साय येते. ती साय म्हणजे पाणी. तिच्यावर दाबलेलं लॅमिनेट त्या क्षणी धरल्यासारखं वाटतं, पण दोन थरांमध्ये पाण्याचा पडदा राहतो. पांढुरकेपणा दिसला तर दाबू नका, तो पूर्ण उडून थर पुन्हा पारदर्शक होऊ द्या आणि वेळ मोजायला तिथून सुरुवात करा.

वेळेची शिडी

हा या लेखाचा गाभा आहे. निओप्रीनच्या सोल्युशनसाठी याहून उपयोगी चाचणी मला माहीत नाही. खर्च एका बोर्डाचा आणि दीड तासाचा.

कामातल्याच प्लायचा साधारण दोन फूट बाय एक फुटाचा तुकडा घ्या. जाड सुती कॅनव्हासच्या एक इंच रुंद, दहा इंच लांब पट्ट्या कापा. कॅनव्हास का? एक मिलिमीटरची सनमाइका ताठ असते, ती मागे दुमडून सोलता येत नाही, मोडते. कापड दुमडतं, म्हणून त्याने गोंदाची पकड वेगळी मोजता येते. सनमाइकाचे काही तुकडेही याच वेळी बाजूला काढून ठेवा, त्यांचं काम पुढे आहे.

बोर्डाला आणि सगळ्या पट्ट्यांना दातेरी पत्र्याने एकाच वेळी गोंद लावा. पट्ट्यांची शेवटची दोन इंचं कोरडी ठेवा, धरायला. घड्याळ लावा. पाचव्या मिनिटाला पहिली पट्टी बोर्डावर टाका, मग दहाव्या, पंधराव्या, विसाव्या, तिसाव्या, पंचेचाळिसाव्या, साठाव्या मिनिटाला एकेक. प्रत्येक पट्टीवरून तोच रबरी रोलर दोनदा फिरवायचा, हाताने जोर न देता, फक्त रोलरच्या वजनाने. प्रयोगशाळांत दोन किलोच्या आसपासचा रोलर असतो. पाइपावर रबरी नळी चढवून आणि आत छर्रे भरून दोन किलोचा रोलर कुणीही बनवू शकतो.

रोलर फिरवल्यावर बरोबर एक मिनिटाने पट्टीचं कोरडं टोक बॅगा मोजायच्या हुकाच्या काट्याला अडकवा आणि पट्टी स्वतःवरच उलटी दुमडून ओढा. वेग महत्त्वाचा. प्रमाण चाचणीत मिनिटाला ३०० मिलिमीटर वेगाने ओढतात, म्हणजे दहा सेंटिमीटर ओढायला वीस सेकंद. मनात एक ते वीस मोजत ओढा. झटक्याने ओढलं तर आकडा फुगतो आणि गोंद आहे त्यापेक्षा चांगला वाटतो. पहिल्या इंचाचा आकडा सोडून द्या, पुढे काटा जिथे साधारण स्थिर राहतो तो लिहा.

सगळे आकडे कागदावर मांडले की एक टेकडी दिसते. सुरुवातीला आकडा कमी आणि तारा लांब. मग चढत जातो, काही काळ सपाट राहतो, मग उतरतो. तो सपाट भाग म्हणजे तुमची वेळ: त्या डब्याची, त्या प्लायची, त्या दिवसाच्या हवेची. काम त्या सपाटीच्या मध्यावर करायचं. डब्यावर छापलेली मिनिटं कंपनीच्या वातानुकूलित खोलीतली असतात. तुमच्या पत्र्याच्या शेडमधली वेगळी निघाली तर नवल नाही.

आता आठ बाय चारची शीट डोळ्यांसमोर आणा. एकट्या माणसाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गोंद पसरायला जी मिनिटं लागतात, तीही याच सपाटीत बसायला हवीत. मे महिन्यात दुपारी सपाटी आखूड होते. पहिला कोपरा उतरणीला लागलेला असतो आणि शेवटचा अजून ओला. अशी शीट नेमकी पहिल्या कोपऱ्यातून उचलते. उपाय दोन: सोबत माणूस घ्या, नाहीतर उन्हं कलल्यावर काम करा.

पंख्याचं एक सांगून ठेवतो. पंख्याखाली ठेवलेल्या जाड थरावर पटकन साल धरते. पेर टेकवलं तर कोरडं निघतं, पण आत थिनर तसंच असतं. ओळखायचं कसं? अंगठा दाबून जरासा फिरवा. साल सरकली, खालून चकचकीत ओलं दिसलं, तर थांबा. हे थिनर नंतर सनमाइकाखालून बाहेर पडू शकत नाही, ऊन लागलं की वाफ होतं आणि फुगा धरतो. थराची जाडी नेहमी सारखी पडते का, तेही पाहता येतं. दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटर ॲल्युमिनियमची फॉइल तोला, बोर्डावर चिकटपट्टीने लावा, बोर्डाबरोबर तिलाही गोंद फासा, पूर्ण सुकल्यावर चिकटपट्टी काढून पुन्हा तोला. वाढलेल्या ग्रॅमना शंभरने गुणलं की एक चौरस मीटरवर किती कोरडा गोंद पडला ते कळतं. त्यासाठी काटा ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा हवा. सराफ्यात ओळख असेल तर दोन मिनिटांचं काम.

चिकट पाठीच्या फिल्मसाठी

बसच्या आतल्या पॅनेलवर किंवा दुकानात मागचा कागद सोलून लावायची फिल्म असेल तर शिडीची गरज नाही, तिथे वेळ सुरूच होत नाही. फिल्मची २५ मिलिमीटर रुंद, १७५ मिलिमीटर लांब पट्टी घ्या, गोंद बाहेर राहील असा तिचा फास करा, दोन्ही टोकं काट्याच्या हुकाला धरा. फास सावकाश खाली आणून पॅनेलला टेकवा, साधारण इंचभर लांबी टेकू द्या, अजिबात न दाबता त्याच संथ वेगाने वर ओढा. सुटतानाचा सगळ्यात मोठा आकडा लिहा. फिनॅट या युरोपीय संघटनेची नवव्या क्रमांकाची चाचणी हीच, फक्त तिथे यंत्र ओढतं आणि खाली काच असते. यात दाब जवळजवळ नसतोच, त्यामुळे गोंद नुसत्या स्पर्शाने किती धरतो ते कळतं.

याहून सोपी छर्ऱ्याची चाचणी. ११.१ मिलिमीटरचा, म्हणजे सात-सोळांश इंचाचा पोलादी छर्रा बेअरिंगच्या दुकानात मिळतो. प्रमाण चाचणीत तो साडेएकवीस अंशांच्या उतारावरून ६५ मिलिमीटर उंचीवरून सोडतात आणि गोंद वर करून ठेवलेल्या पट्टीवर तो किती दूर जाऊन थांबतो ते मोजतात. जवळ थांबला तर पकड जास्त. छर्रा दर वेळी थिनरने पुसा, चिमट्याने धरा, आणि एकदा वापरलेल्या वाटेवरून पुन्हा सोडू नका. दोन रोल एकमेकांशी ताडून पाहायला ही चाचणी उत्तम. पॅनेलवर फिल्म टिकेल का, याचं उत्तर मात्र ती देत नाही, कारण छर्रा पोलादाचा आहे आणि तुमचं पॅनेल नाही.

प्रयोगशाळेत पाच मिलिमीटर व्यासाची गुळगुळीत स्टीलची दांडी गोंदाला सेकंदभर टेकवून सेकंदाला एक सेंटिमीटर वेगाने ओढतात आणि तिला लागणारं बळ मोजतात. उष्णतेने जागा होणाऱ्या गोंदासाठी ती दांडी आणि नमुना तापवता येतो, हा तिचा मोठा फायदा. वर्कशॉपमध्ये याची नक्कल करायच्या फंदात पडू नये. टेकवण्याचा दाब किंवा वेळ जराशी बदलली की आकडा बदलतो.

सुटलं कुठून ते पाहा

काट्याचा आकडा लिहिला की पट्टी फेकू नका. दोन्ही तोंडं उजेडात धरा. गोंद सगळा एकाच बाजूला राहिला आणि दुसरी बाजू स्वच्छ निघाली, तर त्या स्वच्छ बाजूचा पृष्ठभाग बिघडलेला आहे: धूळ, मेण, तेल किंवा नीट न घासलेली चमक. गोंद दोन्हीकडे वाटला गेला, मधून तारा ओढल्या गेल्या, तर थर अजून ओला होता किंवा थिनर जास्त पडलं होतं. दोन्ही बाजूंचा गोंद आपापल्या जागी, सपाट, चकचकीत, एकमेकांचा मागमूस नाही, तर उशीर झाला, थर एकमेकांत मिसळलेच नाहीत. आणि प्लायचे तंतू उखडून आले, तर गोंद लाकडापेक्षा भक्कम निघाला. याहून जास्त त्याच्याकडून मागू नये. एकाच आकड्यामागे ही चार कारणं असू शकतात. माझ्या मते वहीत आकड्याशेजारी हे एक वाक्य नसेल तर नुसत्या आकड्याची किंमत निम्मी.

पहिली पकड आणि कायमची पकड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता ते बाजूला ठेवलेले सनमाइकाचे तुकडे घ्या. शिडीतून निघालेल्या वेळेला ते बोर्डावर बसवा, रोलर फिरवा आणि एक दिवस राहू द्या. दुसऱ्या दिवशी अर्धे तुकडे उन्हात बंद गाडीत ठेवा. मे महिन्यात काचा वर करून उभी केलेली गाडी आत किती तापते हे सांगायला नको, आणि धावपट्टीवर उभ्या विमानाची किंवा आगारात उभ्या बसची तऱ्हा वेगळी नसते. दोन-तीन दिवसांनी कडेत पातळ पटाशी घालून उचका. सावलीतला आणि उन्हातला तुकडा शेजारी ठेवले की फरक डोळ्यांना दिसतो. काही गोंद पहिल्या मिनिटाला जबरदस्त धरतात आणि उष्णतेत सरकतात. काही सुरुवातीला मवाळ असतात आणि आठवड्यात दगड होतात. विमानाच्या कामात पॅनेलबरोबरच एक छोटा नमुनाही त्याच गोंदाने, त्याच भट्टीतून काढायची पद्धत आहे आणि मोडतोड त्या नमुन्याची करतात. मोठ्या ऑर्डरला ही सवय आपणही लावून घ्यावी.

आगीचा भाग

विमानात गोंदाचा एक हिशोब पकडीच्याही वरचा आहे. अमेरिकेच्या एफएआर २५.८५३ या नियमानुसार केबिनच्या पॅनेलचा नमुना उभा धरून ६० सेकंद ज्योत देतात. ज्योत काढल्यावर तो सरासरी १५ सेकंदांच्या आत विझायला हवा आणि जळालेली लांबी ६ इंचांपेक्षा जास्त नको. वीस किंवा अधिक प्रवाशांच्या विमानात मोठ्या पॅनेलमधून जळताना निघणाऱ्या उष्णतेवरही मर्यादा आहे: शिखर चौरस मीटरला ६५ किलोवॅट आणि पहिल्या दोन मिनिटांची बेरीज ६५ किलोवॅट-मिनिट. ही चाचणी लॅमिनेट, गोंद आणि पॅनेल यांच्या पूर्ण थराची असते. गोंदाचा थर दुप्पट केला तर पकड कदाचित सुधारेल, पण जळायला साहित्यही वाढलं. गोंद बदलला तर जुना अहवाल चालत नाही. बसच्या आतल्या साहित्यासाठी आपल्याकडे आयएस १५०६१ आहे. बसबांधणीचं काम घेताना गोंद-फिल्मच्या जोडीचा अहवाल मागा, नुसत्या फिल्मचा नको.

आणि आग आपल्या दुकानातही आहे. निओप्रीन सोल्युशनचं थिनर भयंकर ज्वालाग्राही असतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत पसरत शटरखालून शेजारच्या दुकानात जाते. शहागंजसारख्या चिंचोळ्या गल्लीत शेजारी वेल्डिंग चालू असू शकतं, चहाचा स्टोव्ह असू शकतो. शिडी लावायची ती दार-खिडकी उघडी ठेवून, बिडी बाहेर ठेवून, आणि गोंदाचं काम चालू असताना शेजाऱ्याला सांगून. लहान पोरांना या कामाला लावू नये. त्या वासाचं व्यसन लागतं हे आपल्या शहराने पाहिलेलं आहे.

दुकानदाराला काय विचारायचं

डबा घेताना बॅच क्रमांक आणि तयार केल्याची तारीख पाहा. गोंद सैल करायला लागणारं थिनर त्याच कंपनीचं घ्या. ‘कोणतंही चालतं’ म्हणणारा दुकानदार त्याच्या रंगाच्या गिऱ्हाइकाला विकायचं थिनर तुम्हाला देतो. लॅमिनेटवर आयएस २०४६ चा उल्लेख आहे का ते बघा आणि मागची बाजू खरवडलेली आहे का, हात फिरवून पाहा. गुळगुळीत पाठीला कुठलाच गोंद मनापासून धरत नाही. उघड्या डब्यातलं थिनर दर वेळी थोडं उडतं, म्हणून मोठा डबा स्वस्त पडतो हा हिशोब महिन्याला चार शीट लावणाऱ्याला लागू नाही.

वहीत एका ओळीला तारीख, बॅच, तापमान, दमटपणा, सपाटीची मिनिटं आणि सुटण्याचा प्रकार एवढं पुरे. नवीन बॅच उघडली, प्लायची कंपनी बदलली किंवा मृग लागला, की शिडी नव्याने लावायची. बॅच शिडीत नापास झाली तर त्याच बॅचचा सीलबंद डबा आणि सोललेल्या पट्ट्या घेऊन दुकानात जा. उघडा डबा परत घ्यायला दुकानदार तयार होत नाही, पण तारखा लिहिलेल्या पट्ट्या समोर ठेवल्या की तो निदान कंपनीच्या माणसाला फोन लावतो.